अपुऱ्या डोंगरातून जाणारी रेल्वे

दिवाळीच्या सुट्टीत अंगणात किल्ला केलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते की, किल्ला पुरा होण्याचा आनंद फार थोडा वेळ टिकतो. दगडविटा रचणे, पोत्यावर चिखल थापणे, अळीव पेरून तो उगवला का हे रोज सकाळी पाहणे, शेजारच्या वाड्यातल्या मुलांनी बुरूज कसा उभा केला हे पाहून येणे आणि मग आपला बुरूज पाडून पुन्हा बांधणे, यांतच सगळी सुट्टी जाते. महाराज सिंहासनावर आणि मावळे पायऱ्यांवर बसवले की करण्यासारखे फारसे काही उरत नाही. हा जुना अनुभव आम्हांला अलीकडे पुन्हा आठवला, तो एका परक्या वाटणाऱ्या विषयाचे वाचन करीत असताना. विषय होता रेल्वेच्या लघुप्रतिकृती करणाऱ्या हौशी मंडळींचा इतिहास. ही मंडळी एका खोलीत रूळ अंथरतात, त्यांभोवती डोंगर, नद्या, गावे उभी करतात आणि त्या कामाची हकीकत एकमेकांना वर्षानुवर्षे सांगत राहतात. या संपूर्ण रचनेला ते ‘लेआउट’ म्हणतात. तिच्यातील डोंगर, झाडे व घरे यांच्यासाठी मराठीत गणपतीपुढच्या आराशीचा शब्द आयताच उपलब्ध आहे : देखावा.

साहित्याच्या अध्यापकांनी या छंदाकडे का पाहावे, असा प्रश्न येथे येऊ शकेल. आमचे उत्तर असे की, वास्तवाचे चित्रण करताना काय घ्यावे आणि काय गाळावे, तपशिलाची निष्ठा कोठवर ताणावी, गेलेल्या काळाविषयीचे प्रेम इतिहास केव्हा होते आणि स्मरणरंजन केव्हा, हे आपल्या वर्गातले प्रश्न या मंडळींनी पुठ्ठा, प्लास्टर आणि भुसा हाताशी घेऊन सोडवण्याचा प्रयत्न केला आहे. त्यांची उत्तरे नेहमीच समाधानकारक आहेत असे नाही. पण ती प्रामाणिक आहेत, आणि त्यांत आपल्यालाही शिकण्यासारखे काही आहे.

या इतिहासाचा आरंभ भातुकलीतून होतो. जर्मनीतील गॉपिंगेन येथील मेर्कलिन ही कंपनी १८५९ पासून बाहुलीघरांसाठी पत्र्याची भांडीकुंडी तयार करीत असे. १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत तिने किल्लीवर धावणारी आगगाडी मांडली. तिच्याबरोबर जोडता येतील असे रूळ होते आणि त्या रुळांच्या रुंदीची ठरीव मापे होती. आगगाड्यांची खेळणी त्यापूर्वीही होती, परंतु ती एकेकटी होती. ठरीव मापांमुळे आज घेतलेल्या गाडीला पुढच्या वर्षी डबा जोडता येऊ लागला, फाटा काढता येऊ लागला, स्टेशन वाढवता येऊ लागले. खेळणे वाढू लागले, म्हणजेच ते अपूर्ण राहू लागले. मुलींच्या भातुकलीच्या सामानातून निघालेली ही गाडी पुढे मुख्यत्वे प्रौढ पुरुषांचा छंद बनली, हा या कथेतील एक विनोद आहे आणि तो या मंडळींच्या फारसा ध्यानात आलेला दिसत नाही.

खेळण्याचे मॉडेल होण्याची प्रक्रिया विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घडली. लंडनमध्ये १९१० साली मॉडेल रेल्वे क्लब स्थापन झाला. १९२० मध्ये फ्रँक हॉर्नबी यांच्या किल्लीच्या गाड्या ब्रिटिश घरांत शिरल्या. अमेरिकेत १९३४ साली मिलवॉकीहून ‘मॉडेल रेलरोडर’ हे मासिक निघू लागले आणि पुढच्याच वर्षी त्याच शहरात हौशी मंडळींची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. या संघटनेने हाती घेतलेले मुख्य काम होते मापांचे प्रमाणीकरण. एकाचे इंजिन दुसऱ्याच्या रुळांवरून घसरू नये, एवढीच साधी अपेक्षा त्यामागे होती. प्रमाणभाषेवरचा वाद आपल्याकडे सतत चालतो. येथे मात्र प्रमाणाची गरज थेट भेटीगाठींतून निर्माण झाली. ज्यांना एकमेकांकडे जायचे होते त्यांनी ते ठरवून घेतले.

प्रमाण ठरले तरी सत्याचा प्रश्न सुटला नाही. ब्रिटनमध्ये सर्वाधिक रुळलेले माप ‘डबल ओ’ हे आहे. त्यात खऱ्या जगातील एक फूट चार मिलिमीटरमध्ये बसवतात, म्हणजे प्रतिकृती मूळ वस्तूच्या सुमारे ७६व्या भागाइतकी होते. परंतु रुळांची रुंदी मात्र १६.५ मिलिमीटर ठेवली गेली. ती युरोपातील किंचित लहान, ८७व्या भागाच्या मापाला जुळणारी होती. ब्रिटिश इंजिने अंगाने लहान असल्यामुळे त्यांच्यात मोटर बसवायची तर सांगाडा मोठा करणे भाग होते, आणि रूळ होते तेच राहिले. हिशेब केला तर अशा लेआउटवरील रुळांची रुंदी चार फूट साडेआठ इंचांऐवजी चार फूट दीड इंच भरते. सात इंचांचे हे असत्य लाखो घरांत सुखाने नांदले. काहींना मात्र ते सहन होईना. १९६०च्या दशकात त्यांच्यातील एका गटाने १८.८३ मिलिमीटर हे अचूक माप स्वीकारले, आणि त्यासाठी चाके, सांधे, रूळ सारे नव्याने, बहुधा स्वतःच्या हातांनी, करण्याचे कष्ट पत्करले. दशांशचिन्हापुढील त्या दोन आकड्यांना हसणे सोपे आहे. पण पाठभेदांच्या तळटिपांत आयुष्य घालवणारे संपादक आपल्याकडेही होऊन गेले आहेत, आणि त्यांच्यामुळेच आपल्याला विश्वसनीय संहिता मिळाल्या आहेत, हे आपण विसरू नये.

इंजिनाकडून देखाव्याकडे लक्ष वळले ते १९३०-४०च्या काळात, आणि आमच्या मते हा या छंदाच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा टप्पा होय. इंग्लंडमध्ये जॉन अहर्न यांनी ‘मॅडर व्हॅली’ नावाची कल्पित रेल्वे आपल्या घरी उभारली. तोपर्यंत बहुतेक लेआउट म्हणजे एका फळीवर जास्तीत जास्त रूळ, आणि उरलेल्या जागेत एखादे स्टेशन. अहर्न यांनी क्रम उलटा केला. आधी दरी, बंदर, गावातली वाकडी गल्ली. आणि त्यांच्यामधून, जणू नंतर आलेली, एक लहानशी रेल्वे. त्यांची घरे खऱ्या घरांवरून घेतलेली होती, पण ती वेगवेगळ्या ठिकाणची होती. मॅडरपोर्ट हे बंदर नकाशावर कोठेच नाही. कादंबरीकार जसा अनेक गावांतून एक गाव घडवतो, तसेच हे होते. केलेले काम ते नियतकालिकात लिहीत, आणि १९४७ साली त्यांनी लहान इमारती कशा बांधाव्यात यावर एक पुस्तकही प्रसिद्ध केले.

त्याच सुमारास अमेरिकेत फ्रँक एलिसन यांनी १९४४ मध्ये ‘मॉडेल रेलरोडर’मध्ये एक लेखमाला लिहिली. तिच्यात त्यांनी लेआउटला रंगभूमीची उपमा दिली. गाड्या ही पात्रे, देखावा हे नेपथ्य, आणि वेळापत्रकानुसार होणारी वाहतूक हे कथानक. उपमा आज सरधोपट वाटेल, परंतु तिने या मंडळींना एक प्रश्न दिला : ही गाडी कोठून आली आणि कशासाठी निघाली आहे? गोल फिरणाऱ्या गाडीला हा प्रश्न लागू होत नाही. खाणीतला कोळसा बंदराकडे, दूध सकाळी शहराकडे, रिकामे डबे परत, असा हेतू आला की गाडीमागे अर्थव्यवस्था येते, आणि अर्थव्यवस्थेमागे माणसे येतात.

जागेची अडचण मात्र सर्वांनाच होती. खऱ्या एका मैलाचे ८७व्या भागात साठ फुटांहून अधिक अंतर होते, आणि एवढी खोली कोणाकडे असणार? म्हणून त्यांनी ज्याला ‘निवडक संक्षेप’ म्हणता येईल असे तंत्र स्वीकारले. स्टेशनची इमारत पंधरा खिडक्यांची असेल तर ती नऊ खिडक्यांची करायची. पण खिडकीचा आकार, विटांचा रंग, छपराचा उतार तसाच ठेवायचा. काय कमी केले तरी ते स्थळ ओळखू येते आणि काय कमी केले की ओळखू येईनासे होते, याचा निर्णय मोजपट्टी देऊ शकत नाही. कथेच्या लेखकाला पडणारा हा प्रश्न आम्ही वर्गात कितीदा तरी चर्चिला आहे. इतक्या स्वच्छपणे मांडलेला तो आम्हांला क्वचितच आढळला.

आता थोडे त्या हकीकतींविषयी. मासिकांत छापून येणारा ‘काम कोठवर आले’ या स्वरूपाचा लेख हा या मंडळींचा खास वाङ्मयप्रकार आहे, असे म्हणायला हरकत नाही. त्याची घडण ठरलेली. आधी छायाचित्र : एका बाजूला गवत, झाडे, पूल; दुसऱ्या बाजूला उघडी फळी आणि लोंबणाऱ्या तारा. मग कृती. जाळी किंवा पुठ्ठ्याच्या पट्ट्या विणून डोंगराचा सांगाडा करावा, त्यावर प्लास्टरमध्ये भिजवलेला कागद पसरावा, वाळल्यावर रंगवावे, ओल्या रंगावर रंगीत भुसा भुरभुरावा, दगडफुलासारख्या शेवाळाचे तुकडे झुडपे म्हणून लावावेत. पुढे भुशाची जागा फोमच्या चुऱ्याने घेतली, आणि स्थिर विद्युतभाराने उभे राहणारे बारीक तंतू गवत म्हणून आले. त्यानंतर, आणि हे आम्हांला विशेष वाटते, चुकांची कबुली. नदीचे पाणी पिवळे पडले, बोगद्यात सर्वांत उंच डबा अडकला, वळण फार अरुंद झाल्याने सगळा कोपरा उखडावा लागला. टीका मागवण्यासाठीच जणू हे लेख लिहिले जात, आणि टीका येतही असे. रिबिटे मोजणारे वाचक पत्र लिहून कळवीत की, त्या वर्षी त्या मार्गावर तो सिग्नल नव्हता. लेखकाला राग येई; पुष्कळदा तो सिग्नल काढला जाई.

१९७३ पासून अमेरिकेत या सामायिकतेला आणखी एक रूप मिळाले. प्रत्येकाने आपल्या घरी ठरावीक मापाचा एक तुकडा करायचा, आणि मेळाव्याच्या दिवशी सर्व तुकडे जोडून एक लांब रेल्वे उभी करायची. अट एकच : दोन्ही कडांना रूळ ठरलेल्या जागी मिळाले पाहिजेत. मध्ये वाळवंट करा वा बर्फ करा. शाळेतल्या अंगतपंगतीसारखा हा प्रकार होता. डबा आपापला, बसणे एका पंगतीत.

परंतु या आनंदाच्या मुळाशी एक नाहीसे होणे आहे, आणि ते समजून घेतल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. १९६३ साली ब्रिटनमध्ये बीचिंग यांचा अहवाल आला. त्यात २,३६३ स्टेशने आणि सुमारे ५,००० मैलांचे मार्ग बंद करण्याची शिफारस होती. तोट्यात चाललेले ग्रामीण फाटे एकामागून एक बंद झाले. ऑगस्ट १९६८ मध्ये ब्रिटिश रेल्वेच्या मुख्य मार्गांवरून वाफेची इंजिनेही गेली. आणि नेमके हेच, म्हणजे गावाच्या टोकाशी संपणारा फाटा, एक फलाट, एक मालधक्का, एक वाफेचे इंजिन, हे ब्रिटिश लेआउटचे सर्वांत लाडके चित्र बनले. अमेरिकेतही हौशी मंडळींचा आवडता काळ कोणता, तर १९५०च्या आसपासचा. वाफ जात होती आणि डिझेल येत होते, तो. मागे वळून पाहताना नजर जिथे शेवटची टिकते, तो हा क्षण आहे.

ही नजर सर्वांत निष्ठेने कोणी जपली असेल तर ती रॉय इंग्लंड यांनी. १९२५ साली ऑस्ट्रेलियातून इंग्लंडला आलेला हा तरुण बर्कशायरच्या बाजूच्या ‘व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स’ या खोऱ्याच्या प्रेमात पडला. तिथली गवती छपरांची जुनी घरे डोळ्यांदेखत बदलत होती. ती थांबवणे त्याच्या हाती नव्हते. त्याने घरे मोजायला, त्यांची छायाचित्रे घ्यायला आणि पुठ्ठ्यात ती पुन्हा बांधायला सुरुवात केली. १९५४ मध्ये लाँग विटनहॅम या खेड्यात त्यातून पेंडन संग्रहालय सुरू झाले. तिथे भिंतीतील वीट न् वीट जलरंगाने वेगळी रंगवली जाते, बागेतील फुले कागदाची, एकेक पाकळी लावून केलेली असतात, आणि एकेका घरामागे शेकडो तासांचे काम असते. घरे खऱ्या घरांच्या हुबेहूब प्रतिकृती. पण त्यांचे मिळून झालेले ‘पेंडन पार्व्हा’ हे गाव कल्पित. १९९५ साली इंग्लंड वारले तेव्हा ते गाव पुरे व्हायचे होते. अहर्न यांची मॅडर व्हॅलीही त्यांच्या मृत्यूनंतर याच संग्रहालयात आली.

आता आमची शंका. गवती छपराखाली ओल असते, धूर असतो, पाणी बाहेरून आणावे लागते. पुठ्ठ्याच्या घरात यांतले काहीच येत नाही. अमेरिकेत जॉर्ज सेलिओस यांनी १९८०च्या दशकात सुरू केलेल्या लेआउटवर १९३०च्या महामंदीतील शहर आहे : पोपडे उडालेल्या भिंती, फाटलेल्या जाहिराती, गल्लीतला कचरा. ते पाहताना दारिद्र्य सुंदर दिसू लागते, आणि आपण थोडे दचकतो. आपल्या ग्रामीण कथेवर स्मरणरंजनाचा जो आक्षेप घेतला गेला, तोच येथे घेता येतो. गाव गेले याचे दुःख आहे. पण त्या गावात कोणाचे काय चालले होते, याची चौकशी नाही.

हा आक्षेप आम्हांला खरा वाटतो, परंतु पुरा वाटत नाही. त्याचे कारण जॉन अ‍ॅलन यांच्या कथेत सापडेल. कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथे राहणाऱ्या या छायाचित्रकाराने आपल्या घराच्या तळघरात ‘गोर अँड डॅफेटिड’ नावाची रेल्वे उभारली. हे नाव उच्चारताच इंग्रजीत ‘रक्तबंबाळ आणि पराभूत’ असा अर्थ कानी पडतो, यावरून माणसाचा स्वभाव कळावा. डबे ढकलण्याचे काम करणारा एक स्टेगोसॉरसही त्याच्या लेआउटवर होता. पण विनोदाच्या शेजारीच विलक्षण गांभीर्य होते. जमिनीपासून छतापर्यंत चढत गेलेले कडे त्याने केले, अंतराचा भास व्हावा म्हणून आरसे वापरले. नव्याकोऱ्या चकचकीत डब्यांवर त्याने धूळ, गंज, काजळी चढवली. वस्तू वापरली गेली आहे, तिच्यावरून दिवस गेले आहेत, हे त्याने दाखवले. आणि ते दाखवणे आज सर्वत्र रूढ झाले आहे. त्याचा पहिला लहानसा लेआउट त्याने मोडला नाही, या शेवटच्या मोठ्या रचनेत सामावून घेतला. जानेवारी १९७३ मध्ये अ‍ॅलन वारला. लेआउट पुरा झालेला नव्हता. मित्र तो जपण्याचा विचार करीत असतानाच काही दिवसांत घराला आग लागली आणि जवळजवळ सारे जळून गेले.

मग उरले काय? अ‍ॅलनने वर्षानुवर्षे काढलेली छायाचित्रे, त्याने लिहिलेले लेख, पाहून गेलेल्या मित्रांच्या आठवणी. मासिकाचे संपादक लिन वेस्टकॉट यांनी त्यांचे पुस्तक केले. ते १९८१ मध्ये निघाले, तेव्हा स्वतः वेस्टकॉटही हयात नव्हते. आज जगभरच्या हौशी मंडळींना हा लेआउट ठाऊक आहे तो त्या हकीकतींमुळे. डोंगर जळाला, डोंगर कसा केला ते राहिले. आमचा मुद्दा हाच आहे. या छंदाचे ऐतिहासिक मोल पुऱ्या झालेल्या सुंदर दृश्यात शोधू गेल्यास हाती बहुधा स्मरणरंजन लागेल. ते मोल आहे अपुऱ्या कामाच्या उघड्या नोंदीत : हे मी कशावरून केले, येथे चुकलो, हे अंदाजाने केले, कोणास माहिती असल्यास कळवावे. इतिहासलेखनाची शिस्त याहून फार वेगळी नाही.

शेवटी आपल्या दाराशी येऊ. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याची बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली. अडीच फुटी रुळांची ही गाडी १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली. वारकऱ्यांच्या पिढ्या तिने पंढरीला नेल्या. बार्शीच्या अनुभवावर कॅलथ्रॉप यांनी इंग्लंडमधील स्टॅफर्डशायरमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड ही त्याच मापाची रेल्वे आखली. ती १९०४ साली सुरू झाली आणि अवघ्या तीस वर्षांत, १९३४ मध्ये बंद पडली. तिच्या दोन इंजिनांपैकी एकाचे नाव कॅलथ्रॉप यांच्याच नावावरून ठेवलेले होते, आणि त्यांच्यावर इंग्लंडात शोभू नये असा मोठा, वसाहतीतला वाटणारा दिवा होता. ती रेल्वे अरुंद मापाच्या ब्रिटिश हौशी मंडळींची लाडकी आहे. तिची इंजिने, तिची स्टेशने पुन्हा पुन्हा लहान आकारात जन्मतात. तिची थोरली बहीण मात्र शंभरावर वर्षे आपल्या मुलखात धावली. २००८ पर्यंत तिचे रूळ टप्प्याटप्प्याने रुंद झाले. ते होणे आवश्यकच होते. परंतु कुर्डुवाडीच्या कारखान्याचे छप्पर, वारीच्या दिवसांतील फलाट, बार्शीच्या स्टेशनवरचा मालधक्का यांची मोजमापे घेऊन कोणी पुठ्ठ्यावर बसले आहे, असे आमच्या वाचनात आले नाही.

आपल्याकडे हा छंद नाही असे नव्हे. पुण्यात कोथरूडला बी. एस. जोशी यांच्या संग्रहातून १९९८ साली लघुरेल्वेचे संग्रहालय सुरू झाले, आणि तिथला खेळ पाहताना मुलांइतकेच मोठेही हरखतात. तेथील शहर कल्पित आहे, आणि त्यात काही वावगे नाही. मॅडरपोर्टही कल्पितच होते. पण किल्ले करणाऱ्या, हलते देखावे करणाऱ्या या मुलखात हातांची कमतरता नाही, एवढे तरी त्यावरून दिसते. कमतरता असलीच तर ती नोंदीच्या सवयीची आहे. दिवाळी संपली की आपण किल्ल्यावर पाणी ओततो आणि माती परत अंगणात मिसळते. तो कसा केला होता, हे कोणी लिहून ठेवीत नाही.

आमच्या विद्यार्थ्यांत बार्शी, पंढरपूर, लातूरकडून आलेली मुले दरवर्षी असतात. त्यांच्या आजोबांनी ती गाडी पाहिली आहे. पुढच्या वर्षीच्या प्रकल्पासाठी आम्ही त्यांना एकच काम सांगणार आहोत : आजोबांना विचारून त्या स्टेशनचा नकाशा काढा, जे आठवत नाही ते कोरे ठेवा, आणि कोरे का ठेवले तेही लिहा.